खाडीचे गढूळ पाणी

डोंबिवलीहून ठाण्याकडे जाणारी धीमी लोकल दिवा सोडून मुंब्र्याकडे वळली, की उजव्या हाताला खाडी दिसू लागते. रोज जाणाऱ्याला तिच्याकडे पाहायला सवड नसते. उभे राहायला जागा मिळाली हेच पुष्कळ, असा तो विचार करतो, आणि ते खरेही आहे. पण एखाद्या रविवारी गाडी रिकामी असली तर जरा खिडकीशी बसून पाहा. भरतीच्या वेळी हे पाणी दुधाच्या चहासारखे दिसते. ओहोटीला त्याच जागी करडा, चकचकीत चिखल उघडा पडतो. पावसाळ्यात रंग आणखी बदलतो, तांबूस होतो. कोणी म्हणतो, "काय ही घाण!" आता घाण या खाडीत येते हे कबूल. पण हा रंग घाणीचा नव्हे. तो मातीचा आहे, आणि तो सह्याद्रीवरून आला आहे. ही माती पाण्यात तरंगत का राहते, ती नेमकी खाडीतच का खाली बसते, आणि एकदा बसलेली पुन्हा वर का उठते, या तीन प्रश्नांची उत्तरे आज आपण शोधणार आहोत. प्रश्न साधे आहेत. उत्तरांवर मात्र ठाणे, कळवा, डोंबिवली, कल्याण इथल्या सखल वस्त्यांची पावसाळ्यातली झोप अवलंबून आहे.

सुरुवात घरापासून करू. आमच्या लहानपणी पावसाळ्यात विहिरीचे पाणी गढूळ आले, की आई हंड्यात तुरटीचा खडा दोन-चार वेळा फिरवायची आणि हंडा झाकून ठेवायची. सकाळी वरचे पाणी स्वच्छ आणि तळाशी मातीचा थर. "तुरटी माती ओढून घेते," असं ती सांगायची. ओढून घेते म्हणजे काय करते, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. पुढे शिकल्यावर कळले की त्या हंड्यात जे रात्रभर चालायचे तेच उल्हास नदीच्या मुखाशी हजारो वर्षे चालले आहे. फक्त तिथे तुरटीऐवजी समुद्राचे मीठ आहे.

आधी तुरटीशिवाय माती कशी बसते ते पाहू. पाण्यात कण सोडला की त्याचे वजन त्याला खाली ओढते आणि पाण्याचा चिकटपणा त्याला अडवतो. थोड्याच वेळात दोघांची बरोबरी होते आणि कण एका ठराविक वेगाने खाली जाऊ लागतो. हा वेग किती, याचे गणित जॉर्ज स्टोक्स या आयरिश शास्त्रज्ञाने १८५१ साली मांडले. बारीक कणांना लागू पडणारा त्याचा नियम असा, की कणाचा व्यास दहापट कमी झाला तर वेग दहापट नव्हे, शंभरपट कमी होतो. हा शंभराचा हिशेब जरा नीट ध्यानात घ्या, कारण पुढची सारी गोष्ट त्यावर उभी आहे.

समजा खाडीत सहा मीटर पाणी आहे आणि ते अगदी स्तब्ध आहे. एक दशांश मिलिमीटर जाडीचा बारीक वाळूचा कण सेकंदाला सुमारे एक सेंटिमीटर, किंवा त्याहून थोडा कमी, या वेगाने उतरतो. दहा-बारा मिनिटांत तो तळ गाठतो. त्याच्या दहाव्या हिश्शाएवढा, म्हणजे गाळाचा कण घेतला तर तो दिवसाला नऊ मीटरच्या आसपास जातो. सहा मीटरला त्याला पंधरा-सोळा तास हवेत. आणि त्याच्याही दहाव्या हिश्शाचा, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा चिकणमातीचा कण? तो दिवसाला जेमतेम नऊ सेंटिमीटर उतरतो. सहा मीटर उतरायला त्याला दोन महिन्यांहून अधिक काळ लागेल!

आता आपल्या खाडीचे पाणी दोन महिने स्तब्ध कुठून राहणार? सव्वासहा तासांनी तर भरतीची ओहोटी होते. म्हणजे स्टोक्सचे गणित एवढेच खरे मानले, तर उल्हास नदीने आणलेली सगळी चिकणमाती अरबी समुद्रात खोल निघून जायला हवी आणि ठाण्याच्या खाडीत नुसती वाळू सापडायला हवी. प्रत्यक्षात कळव्याच्या पुलाखाली उतरून पाहिले तर काय सापडते? गुडघाभर चिखल. तेव्हा गणितात काहीतरी राहून गेले आहे.

राहून गेले ते मीठ.

चिकणमातीचे कण हे मुळात चपटे, पत्र्यासारखे असतात आणि त्यांच्या पृष्ठभागावर ऋण विद्युत्भार असतो. दोन ऋणभारित कण जवळ आले की एकमेकांना दूर ढकलतात. गोड्या पाण्यात हे ढकलणे लांबूनच सुरू होते. म्हणून कण कधी एकत्र येत नाहीत आणि सुटेसुटे तरंगत राहतात. पाण्यात मीठ आले की त्यातले धनभारित सोडियमचे आयन कणांभोवती गर्दी करतात आणि त्या ऋणभाराला जणू झाकून टाकतात. मग कण अगदी जवळ येऊ शकतात, आणि जवळ आले की चिकटतात. दोनाचे चार, चाराचे चाळीस असे पुंजके होतात. असा पुंजका दिसायला कापसाच्या बोंडातल्या तंतूंसारखा भुसभुशीत असतो. त्यात मातीपेक्षा पाणीच अधिक. तरीही तो सुट्या कणापेक्षा शेकडो पटींनी लवकर उतरतो. सेकंदाला अर्धा ते एक मिलिमीटर असा वेग धरा. सहा मीटर पाणी तो दोन-तीन तासांत पार करतो. दोन महिन्यांचे काम दोन-तीन तासांवर आले! भरती-ओहोटीच्या सांध्यावर पाणी मंदावते, त्या अवधीत एवढे पुरेसे असते.

यासाठी समुद्राएवढे खारे पाणी लागते असेही नाही. समुद्रात लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ असते. पुंजके होऊ लागायला लिटरमागे दोन-चार ग्रॅमही चालतात. म्हणून नदीचे पाणी समुद्रात पोचण्याच्या कितीतरी आधी, खाडीतच, हा खेळ सुरू होतो. आणि आईची तुरटी? तुरटीतल्या अ‍ॅल्युमिनियमच्या आयनावर सोडियमच्या तिप्पट भार असतो, पण परिणाम तिप्पट नव्हे, शेकडो पटींनी जास्त. शिवाय तिचा पाण्यात पांढरा, कापसासारखा साका बनतो आणि उतरताना माती बरोबर घेऊन जातो. म्हणून मीठ मूठभर लागेल तिथे तुरटीची चिमूट भागते, आणि पाणी खारटही होत नाही.

हे घरी करून पाहता येते. दोन काचेचे पेले घ्या. पावसाचे साठवलेले पाणी मिळाले तर उत्तम. दोन्हींत बागेतली चिकण माती चमचाभर ढवळा. खाडीचा चिखल मात्र आणू नका. त्यात आधीच मीठ मुरलेले असते आणि प्रयोग फसतो. एका पेल्यात चमचाभर मीठ घाला, दुसऱ्यात काही नाही. घटकाभराने दोन्हींच्या तळाशी जाड माती दिसेल. फरक फारसा वाटणार नाही. सकाळी उठून पाहा. मिठाचे पाणी निवळलेले असेल, बिनमिठाचे अजून गढूळ असेल.

शहाडला उल्हास नदीचे पाणी उपसून शुद्ध करतात आणि ते ठाण्यापर्यंत जाते. अशा जलशुद्धीकरण केंद्रात एक गोष्ट पाहण्यासारखी असते. तुरटीचे द्रावण टाकल्याबरोबर पाणी प्रथम जोराने घुसळतात, म्हणजे तुरटी सगळीकडे पोचते. नंतर मात्र मोठ्या टाकीत पाती अगदी संथ फिरतात. संथ का? पुंजके वाढायचे तर कणांची गाठ पडली पाहिजे, आणि गाठ पडायला थोडे ढवळणे हवे. पण जोराने ढवळले तर झालेले पुंजके फाटतात. घुसळण्याने पुंजके बनतात आणि घुसळण्यानेच मोडतात. खाडीतही हाच न्याय आहे. फरक इतकाच, की तिथे पाती फिरवणारा चंद्र आहे, आणि तो आपल्या सोयीने फिरवीत नाही.

आपल्या आजीआजोबांना हा चंद्राचा हिशेब तोंडपाठ असे. तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास निघतो: अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून मुंबईच्या किनाऱ्यावर सहाच्या सुमारास भरती. हिशेब ढोबळ आहे आणि खाडीत आत पाणी आणखी उशिरा पोचते, पण दिवसाचे काम आखायला पुरतो. अमावस्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण येते. मुंबईला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत तेव्हा पाच मीटरपर्यंत फरक पडतो. अष्टमीच्या आसपास भांग; तेव्हा फरक निम्म्याहूनही कमी. उधाणाला पाणी वेगाने धावते, तळाशी घासते, लहानमोठे भोवरे उठतात आणि बसलेला गाळ पुन्हा वर येतो. भांगाला वेग कमी, भोवरे कमी, आणि गाळ बसू लागतो. म्हणून पंधरवड्यात खाडीचा रंग दोनदा पालटतो. पाहणाऱ्याला वाटते पाऊस झाला असेल. पाऊस नसतो, चतुर्दशी असते.

पावसाळ्यात आणखी एक पात्र रंगभूमीवर येते, ते म्हणजे गोडे पाणी. उल्हास राजमाचीच्या डोंगरातून निघून कर्जत, नेरळ, बदलापूर करीत येते. काळू आणि भातसा यांचे पाणी कल्याणच्या परिसरात तिला मिळते. पुढे ठाण्याजवळ तिचा मोठा ओघ घोडबंदरकडून वसईच्या खाडीला जातो, आणि एक अरुंद फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीला जोडतो. या साऱ्या प्रदेशात वर्षाचा बहुतेक पाऊस चार महिन्यांत पडतो. एक हजार लिटर समुद्राचे पाणी तेवढ्याच नदीच्या पाण्यापेक्षा जवळजवळ २५ किलोंनी जड असते. म्हणून पुराचे गोडे पाणी वर पसरते आणि खारे पाणी त्याच्या खालून पाचरीसारखे आत शिरते. वरचे पाणी समुद्राकडे चालले आहे आणि खालचे त्याच वेळी जमिनीकडे, असे विचित्र दृश्य तिथे असते. फक्त ते वरून दिसत नाही.

हे दोन थर सहजासहजी मिसळत नाहीत. जड पाणी उचलून हलक्यात घालायचे म्हणजे कोणीतरी काम केले पाहिजे, आणि ते काम प्रवाहाच्या वेगातून यावे लागते. उधाणाच्या दिवशी तो वेग असतो, थर मोडतात, सगळे एकजीव होते. भांगाच्या दिवशी तो नसतो. थर तसेच एकावर एक राहतात. पुन्हा पेल्याचाच प्रयोग: मिठाच्या पाण्यावर चमच्याच्या पाठीवरून शाई घातलेले साधे पाणी हळूच ओता. निळे पाणी वर तरंगत राहील. चमच्याने हलकेच ढवळलेत तर सांध्यावर लाटा उठतील पण रंग खाली जाणार नाही. जोर केलात की क्षणात सारे निळे.

गाळाच्या दृष्टीने या दोन थरांचा अर्थ काय? नदीने आणलेली माती वरच्या गोड्या पाण्यातून येते. खाऱ्या पाण्याशी गाठ पडली की तिचे पुंजके होतात आणि ते खालच्या थरात उतरतात. पण खालचा थर तर जमिनीकडे चालला आहे! म्हणजे समुद्राकडे निघालेली माती अर्ध्या वाटेवर जिन्याने खाली उतरते आणि परतीच्या गाडीत बसते. म्हणून खाऱ्या पाण्याच्या टोकाशी खाडीचा एक पट्टा नदीपेक्षाही गढूळ आणि समुद्रापेक्षाही गढूळ असतो. जगातल्या बहुतेक मोठ्या नद्यांच्या मुखांशी असा पट्टा आढळतो. गोव्यात मांडवी आणि जुवारी या नद्यांच्या खाड्यांचा अभ्यास राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने पुष्कळ बारकाईने केला आहे. ही संस्था १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. पावसाळा आणि उन्हाळा यांत एकाच खाडीचे स्वरूप किती वेगळे होते हे या कामातून दिसले आहे.

पावसाळा संपला, नदीचा जोर ओसरला, की भरतीचे राज्य सुरू होते. उथळ खाडीत भरतीची लाट कशी चालते? पाणी जितके खोल तितकी लाट वेगवान. चार मीटर खोलीत तिचा वेग सेकंदाला सव्वासहा मीटरच्या आसपास, दोन मीटर खोलीत साडेचारही नाही. भरतीचा माथा जास्त पाण्यावरून धावतो आणि ओहोटीचा तळ कमी पाण्यावरून रखडतो. म्हणून अशा खाडीत आतल्या बाजूला भरती थोड्या वेळात, जोराने येते. ओहोटी मात्र रेंगाळत, हळूहळू जाते. जोराची भरती तळचा गाळ उचलून आत आणते, आणि रेंगाळणाऱ्या ओहोटीला तो सगळा परत नेण्याचे बळ नसते. रोज थोडा थोडा शिलकीत पडतो. आठ महिने ही शिल्लक साठते, चार महिने पूर तिच्यातून खर्च करतो. जमाखर्च जुळला तर खाडी खाडी राहते.

तो पूर्वी जुळत होता का? कल्याण हे बंदर पहिल्या शतकातल्या 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासवर्णनात येते. छत्रपती शिवाजी महाराजांनी १६५७ साली कल्याण-भिवंडी घेतल्यावर याच खाडीत आपल्या आरमाराची जहाजे बांधायला घेतली. दुर्गाडीचा किल्ला आजही काठावर उभा आहे. मग बंदर मागे का पडले? "गाळाने," असे आपण एका शब्दात सांगून मोकळे होतो. मला ते पूर्ण पटत नाही. त्याच 'पेरिप्लस'मध्ये लिहिले आहे की तिथल्या सत्ताधाऱ्याने कल्याणचा व्यापार अडवून धरला होता आणि तिथे येणाऱ्या ग्रीक गलबतांना पहाऱ्यात भडोचला नेत असत. बंदरे राजकारणानेही बुजतात. पुढे मोठ्या बुडाची जहाजे आली, मुंबई वाढली, १८५३ साली आगगाडी ठाण्याला आणि १८५४ साली कल्याणला पोचली. गाळाने काम केले, पण एकट्याने नव्हे.

आपल्या काळात मात्र जमाखर्चाच्या एका बाजूला आपण स्वतः हात घातला आहे, आणि तो कसा हे समजायला एक छोटा हिशेब करावा लागेल. खाडी आपले तोंड आपणच धुते. भरतीला जेवढे पाणी आत येते तेवढे सगळे ओहोटीला त्याच तोंडातून बाहेर पडावे लागते. जितके पाणी जास्त तितका प्रवाह जोराचा, आणि तितकी वाट खोल राहते. आता खाडीकाठी एक चौरस किलोमीटर खाजण किंवा तिवरांचे बन आहे असे धरा. उधाणाला त्यावर सरासरी दोन मीटर पाणी चढते असे समजा. म्हणजे दर भरतीला २० लाख घनमीटर पाणी तिथे जाते आणि सव्वासहा तासांत परत येते. सेकंदाला सरासरी ९० घनमीटर! एखाद्या मध्यम नदीचा हा ओघ आहे, आणि तो दिवसातून दोनदा फुकट मिळतो. त्या जागेवर मुरूम टाकून भराव केला की तेवढा ओघ कायमचा बंद होतो. ओहोटीचा जोर घटतो, तिने न नेलेला गाळ वाटेत बसतो, वाट उथळ होते, आणि उथळ झाली की आत येणारे पाणी आणखी कमी होते. भराव एका जागी पडतो, गाळ दुसऱ्याच जागी साचतो. म्हणून भराव टाकणाऱ्याला त्याचा संबंध दिसत नाही, आणि दाखवून दिला तर पटत नाही.

पुलांचे खांबही थोडेफार हेच करतात. १८५४ सालचा रेल्वेपूल, १९७३ सालचा वाशीचा पहिला पूल, त्यानंतरचे सारे. प्रत्येक खांबामागे पाणी मंदावते आणि शेजारून वेगाने घुसते, त्यामुळे एकीकडे गाळ बसतो आणि दुसरीकडे खड्डा पडतो. पूल हवेत यात वाद नाही. त्यांचा परिणाम आधी मोजता येतो, एवढेच.

याची किंमत पुराच्या दिवशी कळते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर सारे पाण्याखाली गेले. असा पाऊस कोणत्याही खाडीला झेपणार नाही हे खरे. पण मोठ्या पावसाच्या कोणत्याही दिवशी नाल्यांचे पाणी खाडीत केव्हा उतरणार, हे खाडीची पातळी ठरवते. भरती चढलेली असेल तर नाले वाट पाहत उभे राहतात. ओहोटी लागल्यावर जे काही तास मिळतात तेवढ्यात सगळे पाणी निघून जायला हवे. वाट उथळ असेल तर ते निघत नाही, आणि पुढची भरती येऊन ठेपते.

"मग गाळ काढा की!" असे कोणी म्हणेल. काढतातही. पण इथे एक घोटाळा नेहमी होतो. मुंब्रा, डोंबिवली, कल्याण इथल्या रेतीबंदरांवरून वर्षानुवर्षे वाळू उपसली गेली, आणि त्यामुळे खाडी खोल राहते असा युक्तिवाद ऐकू येतो. वाळू आणि गाळ ही एक वस्तू नव्हे. वाळू जड, ती तळावरून घरंगळत येते, आणि वरच्या अंगाला धरणे झाल्यावर तिच्यातली बरीच तिथेच अडकते. उपसलेल्या वाळूची भरपाई होत नाही. खड्डा पडतो, काठ खचतात. आणि त्या खड्ड्यात पाणी मंदावते, तेव्हा त्यात येऊन बसतो तो गाळ. वाळू गेली, चिखल आला. हा काही खाडी साफ करण्याचा मार्ग नव्हे.

गाळ उपसणेही वाटते तितके सरळ नाही. पुंजके तळाशी पोचले की लगेच घट्ट जमीन होत नाही. दाटी झाली की प्रत्येक पुंजक्याला खाली जायचे तर मधले पाणी वर निसटले पाहिजे. ते सावकाश निसटते, आणि तोवर तळाशी ना पाणी ना माती असा पातळ चिखल तयार राहतो. तो उपसला तर बाजूचा वाहत येऊन खड्डा भरतो. काढलेला कुठे टाकायचा हाही प्रश्न आहेच. भरती आत चाललेली असताना तोंडाशी टाकला, तर दोन दिवसांत तो आपल्या घरी परत!

शिवाय हा नुसता मातीचा चिखल राहिलेला नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणाची झीज होऊन जी चिकणमाती बनते तिचे पदर अतिशय पातळ असतात. अशा मातीच्या एका ग्रॅमचा एकूण पृष्ठभाग शेकडो चौरस मीटर भरू शकतो. एवढ्या पृष्ठभागावर पाण्यातले शिसे, पारा, क्रोमियम यांसारखे धातू सहज चिकटतात. कारखान्यांचे आणि गटारांचे पाणी वालधुनीसारख्या नद्यांतून आणि नाल्यांतून खाडीत येते, वरून ते पातळ होऊन गेल्यासारखे वाटते. पण त्यातले विष मातीच्या पुंजक्यांवर बसून तळाशी जाते आणि थरावर थर साठते. उधाणाने किंवा उपसणीने तो थर उसवला की जुने विष नव्याने पाण्यात येते. म्हणजे वीस वर्षांपूर्वी बंद झालेल्या नळीचे पाणी आज मासळीला भेटू शकते. कोळ्याच्या जाळ्यात काय येते आणि काय येईनासे झाले आहे, याचे उत्तर वरच्या पाण्यात शोधून भागत नाही. तळचा चिखल काढून तपासावा लागतो. याच चिखलावर वाढणाऱ्या शेवाळावर हजारो रोहित पक्षी जगतात, हेही विसरता येत नाही. त्यांच्यासाठी ठाणे खाडीचा एक भाग २०१५ साली अभयारण्य झाला आणि २०२२ साली त्याला रामसर पाणथळ म्हणून आंतरराष्ट्रीय मान्यता मिळाली.

खोल समुद्रातही हीच दोन कामे चालतात, बसणे आणि मिसळणे, पण तिथे मातीऐवजी मेलेल्या सूक्ष्म जीवांचे आणि विष्ठेचे पुंजके असतात. सुटा कण तळाला जायला वर्षानुवर्षे लागतील. पुंजका दिवसाला शंभर मीटरच्या आसपास उतरतो आणि महिना-दीड महिन्यात अरबी समुद्राचा तळ गाठतो. जाताना हवेतला कर्बही खाली नेतो. तो विषय मोठा आहे, त्यासाठी वेगळे भाषण हवे. आपण खाडीकडे परत येऊ.

हे सारे मोजायचे कसे? खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे. त्याची सुरुवात १९१६ सालची. तिथे बंदरांच्या आणि खाड्यांच्या लहान प्रतिकृती सिमेंटात घडवून त्यांत भरती-ओहोटी खेळवतात. मुंबई बंदराचीही अशी प्रतिकृती तिथे झाली. प्रवाह अशा प्रतिकृतीत चांगला कळतो. गाळ मात्र हट्टी आहे. खाडी चारशे पटींनी लहान करता येते, पण मातीचा कण चारशे पटींनी लहान कसा करणार? तो मुळातच मिलिमीटरचा हजारावा भाग. म्हणून गाळासाठी आता संगणकावर समीकरणे सोडवतात, आणि त्या समीकरणांना पुंजक्यांचा वेग, मिठाचे प्रमाण, चिखलाचा घट्टपणा हे आकडे पुरवावे लागतात. ते आकडे खाडीत होडी घेऊन, बाटल्या भरून आणावे लागतात. उधाणाला, भांगाला, पावसात आणि उन्हाळ्यातही. दुसऱ्या खाडीचे आकडे इथे चालत नाहीत. एका दिवसाच्या पाहणीवर अहवाल लिहिला असेल, तर तो कोणत्या तिथीचा हे आधी विचारावे.

आणि ज्यांच्याजवळ होडी नाही त्यांनी एवढे करावे. येत्या अष्टमीला आणि त्यानंतरच्या पौर्णिमेला किंवा अमावस्येला, दोन्ही वेळा भरती अर्धी चढली असताना, काठावर सुरक्षित जागी उभे राहून काचेच्या स्वच्छ बाटलीत पाणी भरून घ्या. ओहोटीच्या उघड्या चिखलात मात्र उतरू नका, पाय अडकतो. बाटलीवर तिथी आणि वेळ लिहा, आणि खिडकीत एका ओळीत ठेवा. पहिल्या तासात किती निवळते ते पाहा, मग सकाळी तळचा थर पट्टीने मोजा. पौर्णिमेच्या बाटलीतला थर जाड निघाला तर गाळ कुठून आला ते तुम्हाला आता ठाऊक आहे: तो डोंगरातून त्या दिवशी आलेला नाही, आठवडाभर तुमच्याच पायाशी बसलेला होता.